रेसिंग रिगवर विमान उडवताना नाक एका बाजूला का ओढतं, आणि दुरुस्त केलेलं पुन्हा का बिघडतं

गाडीच्या खेळांसाठी बांधलेल्या रिगवर (खुर्ची, व्हील आणि पेडलं धरणाऱ्या सांगाड्यावर) फ्लाइट सिम, म्हणजे विमान उडवण्याचा कॉम्प्युटर-खेळ, सुरू केलं की एक तक्रार हमखास येते. धावपट्टीवर थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे सारला की विमान डावीकडे ओढतं. हवेत गेलं की हात सोडल्याबरोबर एका पंखावर झुकायला लागतं. सेटिंगमध्ये जाऊन थोडा डेडझोन (मध्याजवळची जी हालचाल सिम मोजत नाही ती) वाढवला, कॅलिब्रेशन केलं की काही दिवस बरं चालतं. मग मध्ये एखादी रेस खेळायची, परत विमानात बसायचं आणि पहिले पाढे पंचावन्न.

अशा वेळी माणूस नवीन घेतलेल्या स्टिकवर किंवा योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) संशय घेतो, ती परत करतो, महागडी दुसरी आणतो. ती आल्यावरही तेच होतं, कारण बहुतेक वेळा दोष नव्या वस्तूचा नसतोच. रिगवर विमान चढलेलं असतं, पण गाडी अजून उतरलेली नसते: तिचं व्हील, तिची पेडलं, तिचा शिफ्टर (गिअरचा दांडा) यूएसबीला जोडलेले असतात आणि सिमला तेही काहीतरी सांगत असतात. शिवाय गाडीसाठी योग्य असलेली बसण्याची जागा आणि पेडलाचा कोन विमानाला चालत नाही. पैसे खर्च करण्याआधी खालच्या क्रमाने शोध घ्या. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मधूनच सुरुवात केली तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि खरं कारण हाती लागत नाही.

आधी हे ठरवा: बिघाड आहे, की विमानाचा स्वभाव?

बहुतेक जण शिकायला सेस्ना १७२ हे छोटं विमान घेतात. तिच्या नाकावरचा पंखा (प्रोपेलर) वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. इंजिन पंख्याला उजवीकडे फिरवतं, तशी विमानाच्या अंगावर डावीकडे कलण्याची प्रतिक्रिया येते, आणि जमिनीवर असताना त्यामुळे डाव्या चाकावर थोडा जास्त भार पडतो. पंख्यातून मागे जाणारी हवा सरळ जात नाही, पिळ्यासारखी विमानाभोवती फिरत जाते आणि शेपटीच्या उभ्या भागावर डाव्या बाजूने आदळते. शेपूट उजवीकडे ढकललं जातं, नाक डावीकडे येतं. नाक वर उचलून चढताना आणखी एक गोष्ट मिसळते. खाली येणारं उजवीकडचं पातं हवेला जास्त कोनात कापतं, म्हणून उजवी बाजू जास्त जोर लावते आणि नाक पुन्हा डावीकडेच जातं. खरा वैमानिक टेकऑफला उजवा पाय दाबतो तो यासाठीच.

म्हणजे पूर्ण थ्रॉटल, कमी वेग आणि डावीकडे ओढ एवढंच लक्षण असेल तर तुमची रिग ठणठणीत आहे. उजवा रडर (शेपटीवरचा, पायाने हलवायचा उभा भाग) द्यायला शिकायचं. सिममधला ऑटो-रडर चालू असेल तर हे सगळं तो गुपचूप सांभाळत असतो. म्हणूनच रडर पेडल आणल्यावर तो बंद करताक्षणी पुष्कळांना वाटतं की पेडलच खराब आलं.

स्वभाव आणि बिघाड वेगळे करायला सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे पंखा नसलेलं विमान. एक्स-प्लेन १२ या सिममध्ये एएसके २१ ग्लायडर आहे, तो हवेत घ्या. डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिममध्ये टीएफ-५१डी आणि सुखोई-२५टी ही दोन्ही विमानं मोफत मिळतात. पहिलं पंख्याचं, दुसरं दोन जेट इंजिनांचं, त्यामुळे तुलनेला याहून चांगली जोडी नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कुठलंही छोटं जेट घ्या. हवामान स्वच्छ आणि वारा शून्य ठेवा. ही अट विसरू नका, कारण थेट हवामान चालू असेल तर बाजूचा वारा जमिनीवर नाकाला तो जिकडून येतो तिकडे वळवतो आणि तुम्ही तासभर अक्ष (स्टिक किंवा पेडलाची एकेक हालचाल सिमला कळवणारे आकडे) तपासत बसता. ग्लायडर किंवा जेट सरळ गेलं आणि फक्त सेस्नाच ओढली, तर इथेच थांबा. ग्लायडरसुद्धा एका बाजूला जात असेल तर पुढे वाचा.

जाता जाता एक सांगतो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मर्लिन इंजिन होतं, नंतरच्यांत ग्रिफन आलं, आणि ग्रिफनचा पंखा उलट फिरायचा. त्यामुळे मर्लिनवर हात बसलेल्या वैमानिकांना टेकऑफच्या वेळी पाय बदलावा लागला. सिममध्ये ही दोन्ही विमानं तुमच्याकडे असतील तर ओढ दिशा बदलते का ते पाहा. बदलली तर ते पंख्याचं काम. एकाच दिशेला राहिली तर ते तुमच्या रिगचं.

ओढ नेमकी कधी आणि कशी आहे

विमान फक्त जमिनीवर एका बाजूला जातं आणि चाकं जमिनीवरून सुटली की सरळ होतं, तर बहुधा एका चाकाचा ब्रेक लागलेला आहे. जमिनीवर आणि हवेत, थ्रॉटल कमी असतानाही, सारखंच वळतं तर रडरच्या अक्षात काहीतरी आहे. नाक वळत नाही पण पंख झुकतो, तर रोलचा (पंख झुकवण्याचा) अक्ष पाहायचा.

शेवटच्या दोघांत गोंधळ होतो, कारण नाक वळलं की पंखही थोड्या वेळाने झुकतोच. इथे सेस्नाच्या पॅनेलवरच्या त्या छोट्या काचेच्या नळीतला बॉल उपयोगी पडतो. पंख सरळ धरून पाहा. बॉल मधून सरकून एका बाजूला गेला तर रडर. बॉल मध्ये राहून विमान कलतं तर रोल. रोलच्या बाबतीत इंधनाची टाकीही बघून घ्या. निवडीचा खटका एकाच टाकीवर राहिला असेल तर बऱ्याच वेळाने भरलेल्या टाकीचा पंख जड होऊन खाली येतो आणि ते रिगचं दुखणं नसतं.

रिगवर उरलेली गाडी

आता विंडोजमध्ये काय दिसतं ते बघायचं. स्टार्टमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप केली की जोडलेल्या सगळ्या गेम कंट्रोलरची यादी उघडते. सिम बंद ठेवा. एकेक नाव निवडून त्याचे गुणधर्म उघडा आणि हात-पाय न लावता नुसतं बघा. विमानाची स्टिक मध्यावर स्थिर असेल तर ती निर्दोष आहे. तिला सोडून द्या आणि पुढच्या नावाकडे जा.

व्हील सहसा इथे पकडलं जातं. त्याची मोटर बंद असली तर ते जिथे सोडलं तिथेच वळलेलं राहतं. सिमच्या दृष्टीने व्हीलचा पहिला अक्ष आणि स्टिकचा पहिला अक्ष यांत फरक नसतो. डीसीएस तर नवीन दिसलेल्या प्रत्येक उपकरणाच्या अक्षांना आपण होऊन रोल, पिच (नाक वर-खाली करणं), रडर, थ्रॉटल वाटून टाकतं. मग रोल दोन ठिकाणांहून येतो, स्टिक मध्यावर असते, व्हील थोडं डावीकडे, आणि विमान कलत राहतं. तुम्ही स्टिकचा डेडझोन कितीही वाढवा, फरक पडणार नाही.

पेडलांची गोष्ट आणखी फसवी आहे. लॉजिटेक जी२९सारख्या पेडलांत पाय ठेवलेला नसताना अक्ष सगळ्यात मोठा आकडा दाखवतो आणि पूर्ण दाबल्यावर शून्यावर येतो. म्हणजे उलटा. सिमने अशा एखाद्या अक्षाला डाव्या चाकाचा ब्रेक मानलं, तर पाय न लावताही तो ब्रेक पूर्ण लागलेला राहतो. विमान त्या बाजूला गोल फिरतं, किंवा दोन्ही ब्रेक असे जोडले गेले तर जागचं हलतच नाही. काही पेडलं पहिल्यांदा हलवेपर्यंत सिमला अर्धी दाबलेली वाटतात. म्हणून सिम चालू झाल्यावर प्रत्येक पेडल, लिव्हर आणि स्लायडर एकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवायची सवय ठेवा.

आणि एक जागा जिथे कुणी बघतच नाही: एच-पॅटर्नचा शिफ्टर. तो गिअरमध्ये राहिला तर विंडोजच्या भाषेत एक बटण सतत दाबलेलं असतं. रेस संपवताना तिसऱ्या गिअरमध्ये सोडलेला शिफ्टर विमानात रडर ट्रिमचं (रडर एका बाजूला थोडा वळवून धरण्याचं) किंवा ब्रेकचं बटण होऊन बसू शकतो. ओढ हळूहळू वाढत जाते, थांबत नाही, तेव्हा आधी शिफ्टर न्यूट्रलला आणा. हँडब्रेकचा अक्षही याच यादीत धरा.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी सिमच्या आत. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये व्हील, पेडलं आणि शिफ्टर यांच्यासाठी प्रत्येकी एक नवं, पूर्ण कोरं प्रोफाइल करा आणि त्याला ओळखू येईल असं नाव द्या. नुसत्या अक्षाच्या ओळी पुसू नका, बटणंही कोरी हवीत. एक्स-प्लेनमध्ये जॉयस्टिकच्या पानावर त्या उपकरणाचा प्रत्येक अक्ष ‘काही नाही’ वर न्या. डीसीएसमध्ये कंट्रोल्सच्या पानावर प्रत्येक उपकरणाचा वेगळा रकाना असतो. व्हीलचा आणि पेडलांचा रकाना निवडून तो पूर्ण रिकामा करा. हे काम प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं, तिथे आळस करून चालत नाही. सुखोईचं साफ केलं म्हणून टीएफ-५१डीचं आपोआप होत नाही.

दुसरी पायरी म्हणजे विमान उडवताना गाडीची उपकरणं विंडोजला दिसूच नयेत. प्रत्येक पोर्टला वेगळा खटका असलेला, स्वतःचा अॅडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. गाडीचं सगळं त्या एका हबवर, विमानाचं दुसऱ्यावर. खटका बंद केल्यावर यादी पुन्हा उघडून नाव खरंच गेलं का ते बघा, कारण स्वतःचा वीजपुरवठा असलेलं एखादं व्हीलबेस (व्हीलच्या मागचा मोटरचा डबा) तरीही यादीत राहू शकतं. तसं झालं तर त्याची यूएसबी केबलच काढा. मला विचाराल तर ही दुसरी पायरी पहिलीपेक्षा जास्त मोलाची आहे. सिमच्या आतली साफसफाई एखाद्या अपडेटने उलटू शकते, काढलेली केबल मात्र कुठल्याही अपडेटला जोडता येत नाही.

रेसिंगचीच पेडलं रडर म्हणून वापरायची असतील तर

पुष्कळांना सुरुवातीला वेगळं रडर (म्हणजे रडरच्या पेडलांचा संच) घ्यायचं नसतं, आणि ते रास्त आहे. पण अडचण समजून घ्या. विमानाची दोन पेडलं आतून एकमेकांना जोडलेली असतात. डावं पुढे गेलं की उजवं मागे येतं, आणि मध्य कुठे आहे हे पायाला कळतं. गाडीची पेडलं स्वतंत्र असतात. त्यांना मध्य नसतो, फक्त ‘दाबलं नाही’ आणि ‘पूर्ण दाबलं’ एवढंच.

म्हणून दोन अक्षांचा एक अक्ष करावा लागतो. लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये पेडलं एकत्र करण्याचा पर्याय आहे, पण तो अॅक्सिलरेटर आणि ब्रेकची जोडी करतो, आणि त्यांतलं ब्रेक पेडल मुद्दाम कडक ठेवलेलं असतं. एका पायाला मऊ, दुसऱ्याला कडक, तर रडर कधीच समान चालणार नाही. तीन पेडलांचा संच असेल तर डाव्या टोकाचा क्लच आणि उजव्या टोकाचा अॅक्सिलरेटर यांची जोडी करा. दोन्ही त्या मानाने मऊ असतात, पायांत बरोबर अंतर राहतं आणि मधलं ब्रेक पेडल दोन्ही चाकांच्या एकत्र ब्रेकसाठी मोकळं मिळतं. ही जोडी व्हीजॉय आणि जॉयस्टिक ग्रेमलिन या मोफत सॉफ्टवेअरने करता येते. व्हीजॉय एक आभासी जॉयस्टिक तयार करतं आणि ग्रेमलिनमध्ये अक्ष एकत्र करण्याची सोय आहे. दोन अक्षांपैकी एक उलटा करून दोघांची सरासरी घेतली की पाय नसताना बरोबर मध्य मिळतो.

इथे पुन्हा तीच चूक डोकावते. सिमला आता आभासी रडरही दिसतो आणि मूळ पेडलंही दिसतात. मूळ पेडलं सिमपासून लपवायला हिडहाइड हे सॉफ्टवेअर वापरा आणि त्यात ग्रेमलिनला तेवढी पाहायची परवानगी द्या.

ब्रेकला लोड सेल (दाब मोजणारा सेन्सर) असेल तर त्याला रडर करण्याच्या फंदात पडू नका. लोड सेल पायाचं वजन मोजतो, अंतर नाही. नुसता पाय टेकवला तरी विमान वळेल. टेकऑफ-लँडिंगचा नीट सराव करायचा असेल तर साधं, जोडलेल्या पेडलांचं रडर कधी ना कधी घ्यावंच लागतं, आणि माझ्या मते महाग स्टिकच्या आधी ते घ्यावं.

बोल्ट, खुर्ची आणि मांड्या

सॉफ्टवेअर स्वच्छ झालं तरी विमान किंचित एका बाजूला जात असेल, तर आता रिगकडे बघा. माझ्या अनुभवात हट्टी तक्रारी इथेच सापडतात, कारण स्क्रीनवर त्यांचा काही मागमूस नसतो.

रेसिंग रिगचा पेडल-ट्रे खुर्चीच्या मध्याला बांधलेला नसतो. गाडीत ब्रेक साधारण मध्याजवळ आणि अॅक्सिलरेटर त्याच्या उजवीकडे, म्हणून तयार भोकांचा संच उजवीकडे झुकलेला असतो. त्याच भोकांत रडर बसवलं की त्याचा मध्य तुमच्या नाभीच्या रेषेत येत नाही. डावा पाय तिरका ताणला जातो, उजवा गुडघ्यात जास्त वाकतो, आणि दोन्ही पायांचं वजन पेडलांवर सारखं पडत नाही. जोडलेल्या पेडलांना तेवढा फरक पुरतो. खुर्चीच्या मध्यावरून ओळंबा किंवा दोरी धरा, ट्रेवर खूण करा आणि रडरचा मध्य त्या खुणेवर आणा. गरज पडली तर नवी भोकं पाडा. यादी उघडून, पाय ठेवून आणि पाय काढून, रडरचा अक्ष कुठे थांबतो ते दोन्ही वेळा बघा. दोन आकड्यांत फरक असेल तर तुमचे पायच विमान वळवत आहेत.

मग ट्रेचा कोन. गाडीत पेडलं तुमच्याकडे तोंड करून वर उचललेली असतात, टाच खाली आणि पावलाचा जोर सरळ पुढे. रडर मात्र सरकतं. ट्रे फार तिरका असेल तर पाय खाली घसरू नयेत म्हणून तुम्ही नकळत दोन्ही पेडलं दाबून धरता आणि पेडलांच्या वरच्या टोकाचे, पंजाने दाबायचे चाकांचे ब्रेक हलके लागलेले राहतात. जमिनीवर विमान उगाच जास्त थ्रॉटल मागत असेल तर हे कारण तपासा. ट्रे शक्य तितका सपाट करा आणि टाचेसाठी मोकळी जागा ठेवा.

जोराची दिशाही बदलते. ब्रेक फक्त पुढे ढकलला जातो, त्यामुळे रेसिंगचा ट्रे त्या एका दिशेला भक्कम असला की पुरतं. रडर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ढकललं जातं, म्हणजे ट्रेला पीळ पडतो. मध्ये एकच खांब असलेल्या घडीच्या स्टँडवर हा पीळ डोळ्यांनी दिसतो. प्रोफाइलच्या (खाचा असलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या) रिगवर तो दिसत नाही, पण बोल्ट हळूहळू सैल करतो. रडर चारही कोपऱ्यांत बोल्टने धरा, ट्रेखाली एक आडवा प्रोफाइल घाला, आणि साध्या नटऐवजी नायलॉक नट किंवा मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक वापरा. ४०×४० किंवा ४०×८०चं प्रोफाइल असेल, तर त्याच्या ८ मिमी खाचेत एम८चे टी-नट चालतात. असं साहित्य भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात ऑटोमेशनची कामं करणाऱ्यांकडे मिळतं. लहान कापलेले तुकडेही ते पुष्कळदा देतात आणि आपल्याला तेवढेच लागतात.

स्टिक दोन पायांच्या मध्ये बसवली असेल तर बकेट सीट अडचण करते. कडेच्या उंचवट्यांमुळे मांड्या जवळ राहतात आणि स्टिक डावी-उजवीकडे पूर्ण जात नाही. मागे ओढली की सीटच्या पुढच्या काठाला लागते. एका बाजूला ९० टक्के आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण, असं झालं की सिममध्ये विमान एका बाजूला चपळ आणि दुसऱ्या बाजूला आळशी वाटतं. प्रत्यक्ष बसून, पाय रडरवर ठेवून, स्टिक चारही कोपऱ्यांत न्या आणि स्क्रीनवरचा ठिपका कोपऱ्यात पोचतो का पाहा. बाहेर उभं राहून केलेली ही परीक्षा निरुपयोगी आहे. पोचत नसेल तर माउंट पुढे किंवा खाली घ्या. स्टिकला एक्स्टेंशन लावलं असेल तर क्लॅम्पवर पडणारा जोरही त्या प्रमाणात वाढतो. प्लास्टिकचा क्लॅम्प तिथे टिकत नाही, धातूची पट्टी आणि बोल्टच हवेत.

योकवाल्यांसाठी थोडं सोपं आहे. व्हील ज्या पट्टीवर बसतं तिच्यावरच योक बसतो, फक्त उंची गुडघ्यांना न लागण्याइतकी ठेवा आणि मागे ओढल्यावर पोटाला लागत नाही ना ते बघा. रेसिंगमध्ये आपण मागे रेलून बसतो, सेस्नात बऱ्यापैकी ताठ. पाठ उचलली की हे बरंचसं सुटतं.

आता ‘पुन्हा का बिघडतं’ याचं मोठं उत्तर याच भागात आहे. प्रत्येक रेसनंतर रडर नव्याने बसवलं की ते किंचित वेगळ्या जागी बसतं. त्यावर खूण आणि अडसर हाच उपाय. रडर एका प्लायवूडच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कायमचं बांधा, ती पट्टी ट्रेवर सरकवा, आणि ती ज्या ठिकाणी थांबायला हवी तिथे प्रोफाइलला दोन ठोकळे लावा. खुर्चीच्या सरकपट्टीवर विमानाची एक आणि गाडीची एक अशा दोन खुणा मार्करने करा. मग बदल करताना मोजमाप लागत नाही आणि कॅलिब्रेशन जुळून राहतं.

पोर्ट, वीज आणि अर्थिंग

डीसीएस प्रत्येक उपकरणाची सेटिंग त्याच्या एका लांबलचक ओळख क्रमांकाच्या नावाने फाइलमध्ये ठेवतं. उपकरण दुसऱ्या पोर्टला लावलं की हा क्रमांक कधी कधी बदलतो. मग सिमला ते नवीन वाटतं आणि अक्षांचं वाटप पुन्हा सुरू होतं. म्हणून पोर्ट ठरवून टाका. केबलवर आणि पोर्टवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. सगळं नीट जुळल्यावर सेव्ह्ड गेम्सच्या फोल्डरमधलं डीसीएसचं इनपुट फोल्डर वेगळीकडे कॉपी करून ठेवा.

उडता उडता रडर एकदम मरतं आणि काही क्षणांनी परत येतं, तर विंडोजची वीज-बचत तपासा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवायला उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नको. जोडावर जोड देऊन रिगपर्यंत पोचलेल्या केबली बिनभरवशाच्या असतात.

अक्ष थरथरत असेल, हात न लावता ठिपका नाचत असेल, तर दोन शक्यता आहेत. पोटेन्शियोमीटर (घासत सरकणाऱ्या संपर्कावर हालचाल मोजणारा भाग) असलेल्या पेडलांत धूळ आणि दमट हवा शिरते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यानंतर हे वाढतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, अक्ष अनेकदा पूर्ण फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. हा क्लीनर पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. गंज काढायचं तेलकट फवारणीचं औषध इथे वापरू नका, त्याचा थर धूळ धरतो.

दुसरी शक्यता डायरेक्ट ड्राइव्ह (ज्यात व्हील थेट मोटरवर बसतं अशा) व्हीलबेसची. त्याची मोटर आणि वीजपुरवठा विद्युत गोंगाट करतात, आणि तो लोड सेलमध्ये किंवा शेजारच्या यूएसबी केबलमध्ये उतरतो. व्हीलबेस भिंतीच्या खटक्यावर बंद करा आणि ठिपका शांत होतो का पाहा. झाला तर विमान उडवताना ते बंदच ठेवा, केबली वेगळ्या बाजूने न्या आणि यूएसबी केबलला फेराइटचा क्लिप लावा.

यातच घराच्या अर्थिंगचा प्रश्न येतो आणि तो सुरक्षेचाही आहे. पायात चप्पल नसताना रिगला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पॉइंटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलेलं आहे. कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्यातल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह धातूच्या डब्यावर येतो आणि अर्थ नसेल तर तो तिथेच राहतो, यूएसबीच्या आवरणातून रिगवर पसरतो. वायरमनला बोलावून पॉइंट तपासून घ्या. त्यानंतर रिगला अर्थची वायर जोडताना एक लक्षात ठेवा: अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमचा वरचा थर वीज वाहू देत नाही. बोल्टखालचा थर खरवडा किंवा दातेरी वॉशर वापरा, आणि मल्टिमीटरने रिगच्या वेगवेगळ्या भागांत जोड मिळतो का ते बघा. अर्थऐवजी न्यूट्रलला वायर जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका.

प्रत्येक उड्डाणाआधी

खरे वैमानिक टेकऑफआधी कंट्रोल पूर्ण फिरवून ते मोकळे आहेत आणि बरोबर दिशेला हलतात याची खात्री करतात. सिममध्ये हे बाहेरच्या कॅमेऱ्यातून करा. स्टिक डावीकडे, तर डाव्या पंखावरचं एलरॉन (पंखाच्या मागच्या काठाची हलणारी पट्टी) वर. उजवा पाय, तर रडर उजवीकडे. मग सगळं सोडून द्या आणि रडर, एलरॉन बरोबर मध्यावर आले का बघा. आले नाहीत तर उडू नका, यादी उघडा. बारामतीच्या धावपट्टीवर, जिथे खरोखरच उड्डाणाचं प्रशिक्षण चालतं, स्वच्छ हवामानात हा सराव केला की पुढची एक फेरी घेऊन लगेच पडताळाही मिळतो.

एवढं करूनही ओढ राहिली आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर नुसतं ‘विमान वळतंय’ असं सांगू नका. विमान कोणतं, ग्लायडरमध्ये होतं का, जमिनीवर की हवेत, बॉल कुठे होता, हात-पाय काढल्यावर प्रत्येक उपकरणाचे अक्ष कुठे थांबतात त्याचे फोटो, आणि त्या वेळी यूएसबीला काय काय जोडलं होतं त्याची पूर्ण यादी द्या. त्या यादीत शिफ्टर, हँडब्रेक आणि जुना गेमपॅडही लिहा.